दख्खनचा वड मिल्टनच्या बागेत

या आठवड्यात सतराव्या शतकातला इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर याला या सदरातून जुन्नरला न्यायचं ठरलं होतं. तो बेत पुढे ढकलतो, कारण उदगीरच्या एका वाचकांनी विचारलंय : सुरत-मुंबईचे वखारवाले पुष्कळ झाले, त्या काळातल्या एखाद्या मोठ्या इंग्रज साहित्यिकानं आमच्या दख्खनबद्दल काही लिहिलंय की नाही?

लिहिलंय, आणि तेही साक्षात मिल्टननं.

'पॅरडाइज लॉस्ट' छापलं गेलं १६६७ साली. त्याच्या नवव्या सर्गात निषिद्ध फळ खाल्ल्यावर आदाम आणि हव्वा लाजेनं अंग झाकायला पानं शोधतात. बायबलात ती अंजिराची आहेत. मिल्टन मात्र मुद्दाम बजावतो, की फळासाठी नावाजलेलं अंजीर ते हे नव्हे. मलबार आणि दख्खनच्या लोकांना आजही ठाऊक असलेलं हे झाड वेगळं. पुढे जमिनीत रुजणाऱ्या फांद्या येतात, आईभोवती वाढलेल्या लेकींसारखे खांब येतात, उन्हातून सावलीला टेकलेला गुराखी येतो. हा आपला वड! औशापासून कंधारपर्यंत कुठल्याही शिवारात हा गुराखी भेटेल.

पण पानं? मिल्टननं ती दंतकथेतल्या अ‍ॅमेझॉन स्त्रियांच्या ढालीएवढी रुंद केली आहेत. वडाचं पान फार तर वीतभर. एका पत्रावळीला किती पानं टाचावी लागतात हे आपल्याकडे पोरंही सांगतील. मिल्टन १६५२ पासून पूर्ण आंधळा होता, पण चूक त्या अंधत्वाची नाही. झाडाचं वर्णन त्यानं उचललं जॉन जेरार्डच्या १५९७ सालच्या 'हर्बल' या वनस्पतिग्रंथातून. ढाल मात्र त्याच्याही फार आधी रोमन प्लिनीकडे होती आणि प्लिनीच्या आधी ग्रीक थिओफ्रास्टसकडे. त्याच्यापर्यंत ही माहिती आली ती शिकंदराच्या स्वारीबरोबर. ऐकणाऱ्यांनी वड आणि केळ यांची गल्लत केली असावी, असं काही अभ्यासक मानतात. मला ते पटतं.

जवळजवळ दोन हजार वर्षं ते पान ढालीएवढंच राहिलं. सुरतेची इंग्रजांची वखार १६१३ची, म्हणजे मिल्टन लहान असतानाची. वडाखाली बसून आलेली माणसं लंडनच्या गोदीत उतरत होती, तरी कवीनं विश्वास ठेवला तो ग्रंथावर. शेक्सपिअरच्या ऑथेल्लोच्या तोंडची, खांद्यांखाली डोकी असलेली माणसं या सदरात मागे आपण पाहिली. तीही प्लिनीकडे आधीच होती. परका मुलूख रंगवताना डोळ्यांपेक्षा पोथीला जास्त मान देणं ही त्या पिढीची खरी खूण आहे, आणि परक्यांबद्दलच्या द्वेषापेक्षा तीच मला जास्त महत्त्वाची वाटते.

उदगीरकरांसाठी आणखी एक धागा. मिल्टननं घरी ठेवून शिकवलेला त्याचा भाचा जॉन फिलिप्स यानं फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए याचा प्रवासग्रंथ १६७७-७८च्या सुमारास इंग्रजीत आणला. औरंगाबादेहून गोवळकोंड्याला जाणाऱ्या वाटेवरचे मुक्काम त्यात ओळीनं दिले आहेत आणि त्यांत 'नादूर' आहे. हे नादूर म्हणजे आपलं नांदेड. मामानं दख्खनचं झाड पोथीतून घेतलं. भाच्यानं नांदेडची वाट त्या वाटेनं गेलेल्या माणसाकडून घेतली. मधे जेमतेम दहा वर्षं.

फ्रायर १६७५ साली जुन्नरच्या मोगल सुभेदाराकडे रुग्ण तपासायला गेला होता. त्याची हकिगत पुढच्या आठवड्यात नक्की.