शहाण्या मुलीचे मौन

बाळापूरला मन आणि म्हैस ह्या नद्यांच्या संगमावर किल्ला उभा आहे. त्याच्या पलीकडील वस्तीतली दोन भावंडे माझ्या शाळेत होती. बाप दारूने गेलेला. आई पहाटेच कापूस वेचायला जायची. मुलगा मारामाऱ्या करी, तासाला पळून जाई. मुलगी घरचे पाणी भरून वेळेवर येई आणि गप्प बसे. आम्हा शिक्षकांच्या बैठकीत मुलाचे नाव दरवेळी निघे, मुलीचे कधीच नाही. आई म्हणे, “माही पोरगी समजदार हाये गुरुजी, पोट्ट्यानंच जीव खाल्ला.” मलाही ते पटले होते. नववीत त्या मुलीने जेवण टाकले, बोलणे टाकले आणि शेवटी शाळाही टाकली. तेव्हा मी ह्या विषयावर वाचू लागलो.

भूक, भीती, अपमान ह्यांचा ताण आला की शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढते. थोड्या वेळापुरते ते उपकारकच असते. पण लहानपणी ताण रोजचाच झाला, तर स्मृती, भीती आणि विवेक सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांची घडण बदलते. कॅलिफोर्नियातील टॅली बराम ह्यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या माद्यांना पिल्लांसाठी घरटे करायला पुरेसे सामान दिले नाही. आई पिल्लांना सोडून गेली नाही. पण तिची माया तुटक झाली, ती सारखी आत-बाहेर करू लागली. आपल्या वस्तीतील मजूर आईची ओढाताण ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. इथे दोष आईचा नाही, सामान हिरावून घेणाऱ्याचा आहे.

अशा पिल्लांत नर आणि मादी ह्यांच्यावरचे परिणाम सारखे नसतात. ॲमस्टरडॅममधील संशोधकांना २०१५ साली नरांच्या स्मृतीवर अधिक आघात दिसला. अमेरिकेतील केव्हिन बाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली दाखवले, की शिकलेला नियम बदलला तर नवा नियम आत्मसात करणे माद्यांना जड जाते. नरांना तसे जात नाही. माणसांतही वयात आल्यानंतर मुलींमध्ये खिन्नतेचा आजार मुलांपेक्षा अधिक आढळतो. ह्या गोष्टी उशिरा कळल्या, कारण असे प्रयोग दीर्घकाळ बहुतांशी नरांवरच होत. प्राण्यांवरील प्रयोगातही दोन्ही लिंगांचा विचार करा, असा आग्रह अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने धरला तो २०१६ साली.

मात्र एक धोका ओळखला पाहिजे. जन्मावरून माणसाचे भवितव्य ठरवणाऱ्या व्यवस्थेशी आपले भांडण आहे. तेव्हा ‘बाईचा मेंदूच असा’ हे नवे जातक आपण स्वीकारता कामा नये. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. शिवाय मुलाने चिडावे आणि मुलीने सोसावे हे आपणच शिकवतो. शरीर आणि समाज ह्यांचे धागे इथे एकमेकांत गुंतलेले आहेत.

डॉ. आंबेडकरांनी लिहून ठेवलेला १९०१ सालचा प्रवास आपल्याला ठाऊक आहे. मसूर स्टेशनावर उतरलेली, रात्रभर पाण्यावाचून राहिलेली ती मुले आपण विसरत नाही. त्याच लेखनात त्यांच्या थोरल्या बहिणीचाही उल्लेख आहे. न्हावी शिवत नसे, म्हणून भावांचे केस ती कापी, आणि त्यात ती तरबेज झाली होती. विटाळाचा तोच जाच तिच्याही वाट्याला आला होता. पण तिचे बालपण कसे गेले, हे आपण कधी विचारले?

मुलाच्या दंग्याला निदान शिक्षा तरी मिळते, म्हणजे कुणाचे तरी लक्ष जाते. मुलीच्या मौनाला आपण शहाणपणाचे प्रशस्तिपत्र देतो. लहानपणी झालेले हे नुकसान कायमचेच असते असे नाही. खात्रीचे जेवण, न मारणारी शाळा, रोज भेटणारे विश्वासाचे एक माणूस ह्यांनी पुष्कळ सावरते. आता बैठकीत मी गप्प मुलींची नावे आधी घेतो, त्यांच्या घरी जातो. कार्यकर्त्यांनीही वस्तीत गेल्यावर दारात दंगा करणाऱ्या पोरांपुरतेच थांबू नये. आत चुलीपाशी बसलेल्या मुलीचीही विचारपूस करावी.