सही करण्याआधी कागद घरी आणा

परवा तलासरीला बचत गटाची बैठक संपली तशी एक ताई मागे थांबल्या. पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. नवरा चोवीस वर्षं एका कारखान्यात. आता माणसं कमी करतायत. "तेरा लाख देणार म्हणतात, वहिनी. फक्त इथं सही करायची." कागदावर एकच आकडा, आणि खाली ओळ : माझा सर्व हिशोब मिळाला, यापुढे कसलाही दावा करणार नाही.

मैत्रिणींनो, 1991 साली डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर झाला आणि इथे मोठ्या कारखान्यांवर बंधनं आली. म्हणून आपली माणसं बोईसर, उंबरगाव, वापीला जातात. 'फुल अँड फायनल' हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. पण त्या सहीवर प्राप्तिकरही अवलंबून असतो, हे कुणी सांगत नाही.

ताईंचाच हिशोब बघा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 35 हजार. ग्रॅच्युइटी म्हणजे वर्षाला 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून : सुमारे 4 लाख 84 हजार. खासगी नोकरीत 20 लाखांपर्यंत ती करमुक्त. कामगार कपातीची भरपाई वर्षाला 15 दिवसांची : सुमारे 4 लाख 20 हजार. कायद्याने बसणारी रक्कम किंवा 5 लाख, यात जी कमी ती करमुक्त. उरलेले जवळजवळ चार लाख पगारात धरले जातात. त्यात यंदाचा आठ महिन्यांचा पगार मिळवला तरी 2025-26 पासूनच्या नव्या कररचनेत कर शून्य. पण तेराच्या तेरा लाख पगार म्हणून दाखवले, तर कर एक लाखाच्या वर!

कागदावर 'राजीनामा' लिहिलं असेल तर आणखी सावध व्हा. स्वतःहून नोकरी सोडली म्हटलं की कपातीच्या भरपाईची सूट मिळत नाही. नियमात बसणारी स्वेच्छानिवृत्ती योजना असेल तर 5 लाखांपर्यंत वेगळी सूट आहे, पण ती आयुष्यात एकदाच.

ताईंनी विचारलं, "आम्ही आदिवासी. आम्हाला कर माफ ना?" नाही हो. ती माफी ईशान्येकडच्या ठरावीक भागांत आणि लडाखमध्ये राहणाऱ्या अनुसूचित जमातींना आहे, आपल्याकडे नाही.

तेव्हा एवढं करा. ग्रॅच्युइटी, भरपाई, रजेचे पैसे, बाकी पगार, प्रत्येक रक्कम वेगळी लिहून मागा. नोकरी का संपली तेही लिहून घ्या. पीएफ आपलाच, तो यात मिसळू देऊ नका. सहीची एक प्रत घरी ठेवा.

ताईंनी कागद पुन्हा पिशवीत ठेवला. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने सही केली नाही, दोन ओळींचा अर्ज दिला : रकमेची फोड लिहून द्यावी. उत्तर अजून यायचंय. पण घाई त्यांना आहे, आपल्याला नाही.