वाचनखुणांचे दप्तर – लेखांक ५ : निर्गमाची वाट

गेल्या लेखांकात ब्राउझरमध्येच वाचनखुणा करून त्या फोल्डरांत विभागण्याची रीत आपण पाहिली. शे-दोनशे दुव्यांपर्यंत ती निर्वेधपणे चालते. परंतु संग्रह हजारांच्या घरात गेला, आणि घरी एक संगणक, कचेरीत दुसरा व खिशात मोबाइल असा कारभार तीन ठिकाणी वाटला गेला, म्हणजे ज्याने मोठ्या हौसेने फोल्डर पाडले त्याच्याच दप्तरी ‘संकीर्ण’ नावाचा एक अवाढव्य रुमाल साचत जातो, आणि हवा तो कागद त्यात कोठेतरी आहे एवढीच काय ती खात्री उरते. अशा वेळी हे दप्तर आंतरजालावरील एखाद्या स्वतंत्र सेवेच्या हवाली करावे काय, आणि करावयाचे तर काय पारखून, हा आजचा विषय आहे.

फोल्डरची मुख्य अडचण अशी की, एक कागद एकाच बासनात राहतो. ज्वारीतील पोषणद्रव्यांवरचा लेख शेतीत घालावा, आरोग्यात घालावा की पाककृतींत, याचा निवाडा ठेवणाऱ्याने क्षणार्धात केलेला असतो. आणि शोधणारा इसम तोच असला तरी सहा महिन्यांनी त्याला तो आठवत नाही. ग्रंथपालांना हा पेच नवा नाही, एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयाची एकेक अंगे पृथक् करून त्यांच्या संयोगाने ग्रंथाचे स्थान ठरविले ते संयुक्त विषयांना न्याय मिळावा म्हणूनच. २००३ मध्ये जोशुआ शॅक्टर यांच्या ‘डिलिशस’ या सेवेने वाचनखुणांपुरता याहून सोपा मार्ग रूढ केला : प्रत्येक दुव्याला आपल्या मनास येतील ते, हवे तितके शब्द, म्हणजे टॅग, जोडावेत. ज्वारीचा लेख मग तिन्ही शब्दांखाली सापडतो. मात्र आज ‘शेती’, उद्या ‘कृषी’ आणि परवा तोच शब्द रोमन लिपीत अशी नोंद होत गेली, तर एका विषयाचे तीन विषय होतात. सबब वीस-पंचवीस टॅगांची यादी आधीच मुक्रर करून तिच्याबाहेर सहसा न जाणे इष्ट.

त्याच ‘डिलिशस’चे पुढील चरित्र आपल्या विषयाला अधिक उद्बोधक आहे. २००५ च्या डिसेंबरात याहूने ती विकत घेतली, २०११ मध्ये विकून टाकली, आणि अनेक हात फिरून २०१७ च्या जूनमध्ये, मॅचेय चेग्लोव्स्की यांनी एकट्याने चालविलेल्या ‘पिनबोर्ड’ या तिच्याच प्रतिस्पर्ध्याने ती अवघ्या ३५,००० डॉलरांना घेऊन नवीन नोंदी बंद केल्या. गुगलची बुकमार्क-सेवा २०२१ मध्ये आटोपली. २००७ पासून चालत आलेली ‘पॉकेट’ मोझिलाने ८ जुलै २०२५ रोजी बंद केली. मालक मोठा म्हणून दप्तर सुरक्षित, हा समज या दाखल्यांपुढे टिकत नाही. म्हणून सेवेत आत जाण्याचा दरवाजा किती सुशोभित आहे हे पाहण्यापूर्वी बाहेर पडण्याची वाट आहे की नाही, हे पाहावे.

ही वाट म्हणजे एक साधी एचटीएमएल फाइल. तिचा साचा नेटस्केप या ब्राउझरने घालून दिला. त्या ब्राउझरचा कारभार २००८ मध्ये संपला, तरी क्रोम व फायरफॉक्स आजही त्याच साच्यात वाचनखुणा उतरवून देतात, आणि फाइलीच्या माथ्यावर नेटस्केपचे नाव अद्याप असते. सेवेची परीक्षा अशी करावी : प्रथम पन्नासच दुवे भरावेत, महिनाभर वापरावेत, मग निर्यात केलेली फाइल दुसऱ्या ठिकाणी उघडून टॅग, टिपणे व तारखा शाबूत उतरल्या की नाहीत, हे ताडून पाहावे.

या कसोटीबरोबर दुसरीही एक लावावी. प्यू संशोधन केंद्राच्या २०२४ च्या पाहणीनुसार २०१३ मधील वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उपलब्ध नव्हती. अर्थात दुवा जपला तरी त्यामागचा मजकूर जपला गेला असे होत नाही. म्हणून सेवा पानाची नक्कलही राखते काय, हे पाहावे. ही सोय ‘रेनड्रॉप’ या सेवेत आहे, परंतु ती सशुल्क वर्गात, फोल्डर व टॅग दोन्ही मात्र तेथे विनामूल्य मिळतात, आणि बहुतेकांना तेवढे पुरते. ‘पिनबोर्ड’ नक्कल राखते, तीही अधिक वार्षिक वर्गणी घेऊन. स्वतःचा सर्व्हर सांभाळण्याची ज्यांची तयारी आहे त्यांनी ‘लिंकडिंग’ हे मुक्तस्रोत साधन पाहावे. तेथे मालकही आपण आणि कारकूनही आपणच.

पुढील लेखांकात जुने दप्तर नव्या जागी हलविण्याची रीत क्रमाने पाहू. तोवर वाचकांनी आपल्या ब्राउझरमधून एकदा निर्यात करून ती फाइल निराळ्या ठिकाणी ठेवावी, आणि ‘संकीर्ण’ उघडून पहिले पन्नास दुवे वेगळे काढावेत. परीक्षेचे साहित्य तेवढेच लागणार आहे.