पोथीला पावसाळा बाधतो!

मुलांनो, पंचवटीत रामकुंडावर गेलात, तर तिथल्या तीर्थोपाध्यायांना आपलं आडनाव आणि मूळ गाव सांगून पाहा. तुमच्या घराण्याची वही त्यांच्याकडे निघाली, तर पणजोबा इथं कधी आले होते, सोबत कोण होतं, ते वाचायला मिळेल. अशा वहीची दुसरी प्रत सहसा कुठंच नसते. मग तिला जपायचं कुणापासून? चोरांपासून? छे, हवेपासून!

दुतोंड्या मारुतीकडे पाहून नाशिककर गोदावरीचा पूर मोजतात. हवेतलं पाणी मात्र डोळ्यांना दिसत नाही. पावसाळ्यात पापड सादळतो ना? तसाच कागदही ओल पितो, फुगतो आणि उन्हाळ्यात आक्रसतो. असं वर्षानुवर्षं चाललं की पानं वेडीवाकडी होतात, शाईचे पापुद्रे सुटतात. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर रेंगाळली, की बुरशी धरते. दमट कोपऱ्यातली कसर तर कागदावर तावच मारते.

"मग एसी लावा की!" असं तुम्ही म्हणाल. पण दिवसा एसी चालू आणि रात्री बंद, हे त्याहून वाईट. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला बाहेर कसा घाम फुटतो? गार पोथीला दमट हवा लागली की तिचंही तसंच होतं. थंडीपेक्षा तिला सारखेपणा हवा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास, तीही दिवसरात्र, बारा महिने. पुण्याच्या भांडारकर संस्थेत (स्थापना १९१७) २८ हजारांवर हस्तलिखितं आहेत. एवढ्यांना सारखी हवा द्यायची म्हणजे खायचं काम नाही!

जुन्या लोकांजवळ यंत्रं नव्हती. ते पोथी दोन फळ्यांमध्ये ठेवून सुती रुमालात घट्ट बांधत आणि लाकडी पेटीत ठेवत. लाकूड आणि सूत आधी स्वतः ओल पितात, त्यामुळे पोथीपर्यंत ती हळूहळू पोचते. (सोबतची वेखंडाची पुरचुंडी किड्यांसाठी. ओलीशी तिचा संबंध नाही.)

खोटं वाटतं? जुलैत पापडाचे दोन तुकडे घ्या. एक उघडा ठेवा, दुसरा सुती कापडाच्या चार घड्यांत बांधून डब्यात. आधी कोणता सादळतो, रोज पाहा.

आणि आईबाबांना सांगा, आजीची पोथी बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकवू नका. सादळली असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, कडक उन्हातही टाकू नका. सावलीत, वाऱ्यावर, पानं मोकळी करून ठेवा.