मादलेनबाईंची गाणी

युरोपात फ्रान्स नावाचा देश आहे. तेथे मादलेन ग्रे नावाच्या एक गायिका होऊन गेल्या. आज त्यांचे नाव फारसे कोणी काढीत नाही. पण त्यांची हकिगत ऐकण्यासारखी आहे. म्हणून आम्ही ती येथे सांगतो.

मादलेनबाईंचा जन्म १८९६ साली एका लहानशा गावी झाला. पुढे त्या पॅरिस शहरात गेल्या. तेथील मोठ्या संगीतशाळेत आधी पियानो शिकल्या, मग गाणे शिकल्या. पियानो हे पेटीसारखेच पट्ट्या दाबून वाजवायचे वाद्य, पण फार मोठे. त्यात तारांवर लहान हातोड्या पडतात आणि सूर निघतो.

बाई नाटकात काम करून गाणाऱ्या नव्हत्या. त्या मैफलीत गात. मैफलीत सोंग नाही, पडदा नाही. गाणारी उभी राहणार आणि शेजारी पियानो वाजणार. तेव्हा शब्द स्वच्छ नसला, तर ऐकणाऱ्याला काय कळणार?

गाब्रिएल फोरे हे त्या काळचे नामांकित संगीतकार. म्हणजे गाण्यांना चाली लावणारे. २७ डिसेंबर १९१९ रोजी त्यांची चार नवी गाणी मादलेनबाईंनी पॅरिसमध्ये प्रथम गायिली. पियानोवर स्वतः फोरे बसले होते. वय ७४. कान जवळजवळ पुरते गेलेले! आपलीच चाल त्यांना धड ऐकू येत नव्हती. अशा वेळी गाणारी किती पक्की हवी, ते तुम्हीच पाहा. ते काम या तरुण बाईंनी निभावले.

फ्रान्समध्ये ओव्हेर्न्य नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथील लोक गुरे-मेंढ्या राखीत आणि गाणी म्हणत. त्यांची बोली वेगळी. शाळेत पोर ती बोली बोललं, की त्याला शिक्षा होई. शहरातले लोक म्हणत, ही तर अडाण्यांची भाषा! पण जोझेफ कांतलुब नावाचे संगीतकार त्या मुलखात हिंडले. शेतकऱ्यांच्या आणि धनगरांच्या तोंडून त्यांनी गाणी ऐकली, लिहून घेतली आणि त्यांना वाद्यांची साथ जोडली.

१९३० साली मादलेनबाईंनी यातली ११ गाणी फोनोच्या तबकड्यांवर गायिली. तबकडीची एक बाजू तीन-चार मिनिटांत संपे. तेवढ्यात गाणे बसवायचे. बाईंनी ती गाणी शहरी भाषेत बदलून घेतली नाहीत. धनगरांच्या बोलीतच गायिली. त्यांतले एक गाणे असे आहे: नदीच्या एका काठावर धनगर आहे, दुसऱ्या काठावर धनगरीण. मधे पाणी. ओलांडता येत नाही. मग दोघे एकमेकांना लांब हाका घालतात. ती हाक हेच गाणे!

ज्या बोलीसाठी शाळेत शिक्षा होई, तीच आता तबकडीवरून गाऊ लागली.  लोकांनी कान देऊन ऐकले.

मादलेनबाई १९७९ साली पॅरिसमध्ये वारल्या. त्या तबकड्यांतला आवाज मात्र आजही ऐकायला मिळतो. ती गाणी पहिल्याने कोणी रचली, त्या धनगरांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत. ज्याने ती ऐकून कागदावर उतरवली आणि जिने ती जशीच्या तशी गायिली, त्या दोघांमुळे ती राहिली. लिहिता येणे किती मोलाचे असते, ते आम्हांला या हकिगतीत दिसते.