उड्डाणापूर्वीची घाई: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

सेसना १७२ सारख्या चार आसनी विमानाची उड्डाणापूर्वीची तपासणी, म्हणजे प्रीफ्लाइट, नीट करायची तर पंधरा-वीस मिनिटे हवीतच. एअरलाइनमध्ये अनेक जणांत वाटली गेलेली ही जबाबदारी खासगी विमानात एकट्या वैमानिकावर येते. त्यात निघायला उशीर झालेला असतो आणि घरचीच माणसे ताटकळत उभी असतात. मग तपासणीतली मिनिटे कापली जातात, आणि त्याचे समर्थन करायला पुढील समजुती तयारच असतात.

गैरसमज: चेकलिस्ट शिकाऊंसाठी. अनुभवी माणसाला सगळे पाठ असते.

वस्तुस्थिती: चेकलिस्ट रुळली तीच मुरलेल्या वैमानिकांच्या अपघातामुळे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी ओहायोतील राइट फील्डवर बोइंगचे मॉडेल २९९ हे नवे बॉम्बर विमान उडाले आणि लगेच कोसळले. उभ्या विमानाचे एलेव्हेटर वाऱ्याने आपटू नयेत म्हणून लावतात ते गस्ट लॉक काढायचे राहून गेले होते. लष्कराचे मेजर प्लॉयर हिल आणि बोइंगचे चाचणी वैमानिक लेस्ली टॉवर यांचा त्यात बळी गेला.

जवळपास ७९ वर्षांनी तीच चूक पुन्हा घडली. ३१ मे २०१४ च्या रात्री मॅसेच्युसेट्समधील हॅन्सकम फील्डवर गल्फस्ट्रीम जी-४ हे खासगी जेट गस्ट लॉक लागलेले असतानाच धावपट्टीवर सुटले. ते जमीन सोडू शकले नाही. धावपट्टी ओलांडून पुढे गेले आणि पेटले. विमानातले सातही जण मृत्युमुखी पडले. लॉक असताना थ्रॉटल फारसा पुढे सरकायला नको होता, पण रचनेतील दोषामुळे तो सरकला. तरीही निघण्याआधी कंट्रोल एकदा पूर्ण मागे-पुढे आणि डावीकडे-उजवीकडे फिरवून पाहिले असते, तर ते अडकलेले आहे हे तिथेच कळले असते. अमेरिकी तपास यंत्रणेने विमानातल्या नोंदी काढल्या, तेव्हा आधीच्या १७५ उड्डाणांपैकी ९८ टक्के वेळा ही चाचणी पूर्ण केलीच नसल्याचे दिसले. म्हणजे त्या रात्री विसर पडला असे म्हणता येत नाही. चाचणी टाळायची सवयच लागली होती, आणि दर वेळी सुखरूप उतरल्यामुळे ती अधिकच घट्ट होत गेली.

गैरसमज: काल संध्याकाळी विमान ठणठणीत होते. आज पुन्हा काय बघायचे?

वस्तुस्थिती: एका रात्रीतही बरेच काही बदलू शकते. अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेचे पाणी होऊन तळाशी साचते. कुंभारीण माशी पिटो ट्यूबच्या तोंडात मातीचे घर बांधते. ती नळी बुजली की वेगाचा काटा खोटे बोलू लागतो. काउलिंगमध्ये, म्हणजे इंजिनाच्या आवरणात, पक्षी गवत-काड्या आणून ठेवतात.

पाणी शोधण्यासाठी टाकीच्या तळाच्या ड्रेनमधून पारदर्शक कपात थोडे इंधन काढतात. एव्हगॅस १०० एलएल निळसर असते. पाणी त्याहून जड असल्याने खाली बसते आणि दोहोंच्या मध्ये स्पष्ट रेषा दिसते. घाईतला माणूस फसतो तो इथेच. कपात निव्वळ पाणीच आले असेल, तर रेषा दिसणारच नाही. कप अगदी स्वच्छ दिसेल. म्हणून रेषा नाही एवढ्यावर समाधान मानू नये. कप पांढऱ्या पृष्ठभागासमोर धरून निळा रंग पाहावा आणि वासही घ्यावा. गोंदिया किंवा धुळ्याला उड्डाण शिकणाऱ्यांनी पावसाळ्यात तर हे कधीच टाळू नये.

गैरसमज: इंधनाचा काटा पाहिला की पुरे.

वस्तुस्थिती: लहान विमानांतले काटे ढोबळ असतात. पंखावर चढून टाकीत डिपस्टिक बुडवणे आणि झाकण हाताने घट्ट लागले आहे का हे पाहणे, याला पर्याय नाही. झाकण सैल राहिले, तर पंखाच्या वरच्या बाजूच्या कमी दाबामुळे हवेत असताना इंधन बाहेर ओढले जाते.

गैरसमज: मॅग्नेटो चाचणीत आरपीएम अजिबात घटले नाहीत, म्हणजे इंजिन उत्तम.

वस्तुस्थिती: इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या दोन मॅग्नेटोंपैकी एक बंद केला की आरपीएम थोडे घटलेच पाहिजेत. मुळीच घटले नाहीत, तर तो मॅग्नेटो बंदच होत नसण्याची शक्यता आहे. अशा विमानाची किल्ली काढलेली असली तरी कुणी प्रोपेलर हाताने फिरवला, तर इंजिन उसळू शकते.

गैरसमज: तपासायचे ते विमान.

वस्तुस्थिती: आजारपण, औषधे, ताण, मद्य, थकवा आणि मनःस्थिती या सहा गोष्टी वैमानिकाने स्वतःच्या बाबतीत तपासायच्या असतात. भारतात उड्डाणाआधीचे १२ तास मद्य वर्ज्य आहे. झोपेसाठी असे घड्याळ लावता येत नाही. तिथे स्वतःशी प्रामाणिक राहावे लागते.

गैरसमज: मध्येच फोन आला तर आठवेल तिथून पुढे तपासावे.

वस्तुस्थिती: जे करायचे मनात होते, ते करून झाले असेच नंतर आठवते. म्हणून व्यत्यय आला की काही पायऱ्या मागे जावे, आणि जराही शंका असेल तर पहिल्यापासून सुरुवात करावी. फोन बंद ठेवणे हा त्याहून सोपा उपाय आहे.

सोबत जाणाऱ्यांच्याही हातात बरेच काही असते. वैमानिक पंखाखाली वाकलेला असताना त्याला हाक मारू नये, घड्याळ दाखवू नये. आणि तपासणीनंतर तो "आज निघत नाही" म्हणाला, तर रुसू नये. त्या नकाराबद्दल त्याला बोल लावला नाही, तर पुढच्या खेपेलाही तो तितक्याच मोकळेपणाने नाही म्हणू शकेल.