वंगण तेल, लहान नौकांचे
लहान नौकांचे वंगण तेल : यांत्रिक नौकेच्या एंजिनातील घर्षण, झीज व गंज कमी करणारे तेल. इंदापूर तालुक्यालगतच्या उजनी जलाशयात मासेमारी व प्रवासी वाहतूक लहान नौकांतून चालते. येथे वादळी वारे अकस्मात सुटतात. २१ मे २०२४ रोजी कळाशी-कुगाव मार्गावर वादळात नौका उलटून सहा जण बुडाले. अशा वाऱ्यात एंजिन बंद पडल्यास नौकेवर ताबा राहत नाही. म्हणून तेलाची निगा हा सुरक्षिततेचाच भाग होय.

खरेदी : पाण्याने थंड होणाऱ्या द्विधाव एंजिनात तेल पेट्रोलबरोबर जळते. त्यासाठी ‘टीसी-डब्ल्यू३’ खुणेचे, राख न ठेवणारे तेल घेतात. मिश्रणाचे प्रमाण निर्मात्याने दिलेलेच पाळावे. ५०:१ असल्यास एक लिटर पेट्रोलला २० मिलि. तेल लागते. चतुर्धाव एंजिनात तेल वेगळे राहते व ठराविक तासांनी बदलावे लागते.

साठवण : पिंप उघड्यावर उभे ठेवल्यास त्याच्या माथ्यावर पावसाचे पाणी साचते. रात्री पिंपातील हवा आकुंचन पावली की ते बुचावाटे आत ओढले जाते. पाणी मिसळलेले तेल दुधट होते व त्याची वंगणक्षमता घटते. यास्तव पिंप सावलीत आडवे आणि दोन्ही बुचे तेलाच्या पातळीखाली राहतील असे ठेवावे.

हाताळणी : तेल स्वच्छ, जाळीदार नरसाळ्यातून ओतावे. वापरलेले तेल पाण्यात सोडू नये. त्याच्या तवंगामुळे हवेतील ऑक्सिजन पाण्यात विरघळण्यास अडथळा येतो, आणि उजनीचे पाणी सोलापूर शहराला पिण्यासाठी पुरविले जाते. २०१६ च्या नियमांनुसार असे तेल घातक अपशिष्ट असून ते अधिकृत पुनःप्रक्रिया केंद्राकडे द्यावे लागते.